धबधबा जुलैत बघा, डोहात मात्र दिवाळीनंतर उतरा

दरवर्षी जूनचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. कुणीतरी रील टाकतं, हिरवागार डोंगर, वरून कोसळणारं पाणी, खाली निळंशार कुंड आणि त्यात धपाधप उड्या मारणारी पोरं, आणि सोबत प्रश्न, 'कुठंय हे? या रविवारी जायचं का?' मग मला टॅग करतात, कारण ग्रुपमध्ये डोंगरात सगळ्यात जास्त उंडारणारी मीच. माझं उत्तर ठरलेलं, जा की, पण बघायला जा, पोहायला दिवाळीनंतर जाऊ. त्यावर 'काकू झालीस तू' असं येतं. येऊ दे.

आता त्या रीलमधली गंमत सांगते. धो धो धबधबा आणि निळं पाणी या दोन गोष्टी सह्याद्रीत एकाच दिवशी सहसा मिळत नाहीत. धबधबा जोरात असतो तेव्हा खालचा डोह दुधाच्या चहासारखा गढूळ आणि फेसाळलेला असतो, आणि डोह निळा-हिरवा, तळातला गोटा न गोटा दिसेल असा असतो तेव्हा वरचा धबधबा एका धारेवर आलेला असतो, कधीकधी तर नुसता कातळावरून झिरपत असतो. म्हणजे रीलवाल्यानं एकतर दोन वेगळ्या महिन्यांतले व्हिडिओ जोडलेत किंवा ऑक्टोबरातला व्हिडिओ जूनमध्ये टाकलाय, आणि आपण तो बघून भर जुलैत ताम्हिणीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवतो, वर भजी खाऊन परत येतो, हे झालं नशीब चांगलं असेल तर.

मला डोहात पोहायला प्रचंड आवडतं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती भीती घालतेय. क्लोरीनचा वास नाही, तासाचा हिशोब नाही, डोक्यावर काळा कडा आणि त्यातून डोकावणारं आभाळ, पाण्यात पाठीवर पडून ते बघत राहायचं. याच्यापुढे स्विमिंग पूल म्हणजे काहीच नाही राव. पण त्यासाठी थांबावं लागतं.

हे डोह होतात कसे ते एकदा नीट बघितलं ना, की त्यात कधी उतरायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. आपला सह्याद्री म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. कुठल्याही घाटात गाडी बाजूला घेऊन समोरच्या कड्याकडं बघा, आडवे पट्टे दिसतात, काही घट्ट काळेभोर, काही भोकाभोकांचे आणि ठिसूळ, आणि कुठंकुठं दोन थरांच्या मधे गेरूसारखा लाल पट्टा. नदी अशा कड्यावरून खाली पडते तेव्हा वरचा टणक थर तग धरतो पण खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्यानं झिजत आत जातो, पोकळी होते, मग कधीतरी वरचा तुकडा आधार सुटून कोसळतो, आणि असं करत करत धबधबा शेकडो-हजारो वर्षांत मागं मागं सरकत जातो. बऱ्याच धबधब्यांच्या मागं जी गुहेसारखी कपार असते ना, जिच्यात उभं राहून सगळे फोटो काढतात, ती याच भानगडीतून झालेली. आणि पाणी जिथं आदळतं तिथं खड्डा पडतो, वरून पडलेले धोंडे त्यात घुसळले जातात, खड्डा आणखी खोल होतो. झालं कुंड तयार.

दुसरा प्रकार रांजणखळग्यांचा. यासाठी एकदा तरी निघोजला जाऊन या, पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या पात्रात. उन्हाळ्यात गेलात तर पाणी उतरलेलं असतं आणि आख्खं पात्र आतून बघायला मिळतं. कातळात रांजण पुरावेत तसे गोल खड्डे, काही घागरीएवढे, काही इतके मोठे की आत माणूस उतरला तर दिसणार नाही. नदीच्या भोवऱ्यात एखादा गोटा अडकतो, गरगर फिरत कातळ घासत राहतो, तो झिजून संपला की दुसरा येतो. एका कोरड्या खळग्यात मी हात घालून बघितला होता, भिंत एकदम गुळगुळीत आणि तिच्यावर बोटांना लागतील असे आडवे वळसे, तळाशी चार-पाच गोटे, सगळे वाटोळे, घासून घासून मऊ झालेले. तो दगड हातात घेतला की जाम वजनदार लागतो. आणि मग डोक्यात येतं की हा पाण्यानं उचलून फिरवलाय.

म्हणजे बघा, कुंड असो की रांजणखळगा, कातळ कोरायचं काम सगळं पावसाळ्यात होतं. काळ्या पाषाणाला भोकं पाडणारं पाणी जोरात कामाला लागलेलं असतं नेमक्या त्याच दिवसांत आपण म्हणतो चला डुंबू.

आता पोहता येणारे लोक म्हणतात आम्हाला काय, आम्ही पट्टीचे पोहणारे. त्यांना एक गोष्ट माहीत नसते आणि ती मलाही बरेच वर्षं माहीत नव्हती, एका बचाव पथकात काम करणाऱ्या मित्रानं समजावली. धबधब्याखालचं जे पांढरंशुभ्र फेसाळ पाणी असतं त्यात हवा मिसळलेली असते, भरपूर. असं पाणी हलकं असतं, आणि हलक्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. तुम्ही हात मारता पण हाताला पाणी लागतच नाही, पकड मिळत नाही. त्यात वरून पडणारी धार तुम्हाला तळाकडं दाबते, खाली गेलेलं पाणी थोडं पुढं जाऊन वर येतं आणि वर आलेल्यातलं काही परत धारेकडंच ओढलं जातं. तुम्ही त्या चक्रात सापडलात की गोल गोल तिथंच. शिवाय खाली कपारी असतात, मघाशी सांगितल्या तशा, कातळाच्या पोटात गेलेल्या, त्यात पाय अडकला की संपलं. गावातले म्हातारे 'हा डोह ओढतो' म्हणतात, 'आसरा असतात इथं' म्हणतात, आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. आसरांचं मला माहीत नाही पण ओढतो हे मात्र शंभर टक्के खरं.

आणि पाणी वाढतं किती पटकन हे तर सांगूनही पटत नाही लोकांना. घाटमाथ्यावरचा पाऊस हे वेगळंच प्रकरण आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सरळ कड्याला भिडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात, म्हणजे २४ तासांत, ५५६ मिलिमीटर पाऊस झाला, देशातल्या कित्येक गावांत वर्षभरात एवढा पडत नाही. हे पाणी मुरायला माती कुठाय, थोडीशी माती आणि खाली कातळ, त्यामुळं जे पडेल ते सगळं ओढ्यात आणि ओढे छोटे, उताराचे. तुम्ही खाली जिथं आहात तिथं ऊन पडलेलं असू शकतं आणि वर माथ्यावर ढग बसून ओतत असतो, आणि अर्ध्या तासात तुमच्या घोट्याएवढा ओढा छातीएवढा होतो. उतरतोही तसाच, पाऊस थांबला की काही तासांत. म्हणून ओढा फुगलाय आणि आपण पलीकडं अडकलोय असं झालं तर गपचूप उंचावर बसून राहायचं, हातात हात घालून साखळी करून ओलांडायची हिरोगिरी नको.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. तो व्हिडिओ बहुतेकांनी बघितलाय, सगळे प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभे, आणि पाणी चढतच गेलं. त्याच वीकेंडला ताम्हिणीत प्लस व्हॅलीच्या कुंडात एकानं उडी मारली, तोही व्हिडिओ फिरला. उडी चांगली होती, तो वर आला, पोहत कडेला पण आला, पण कातळाला हात लावला की निसटतोय, हात लावला की निसटतोय, आणि प्रवाह पुढं घेऊन गेला. मी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघितला नाही. पण त्यातलं जे समजायचं ते समजलं, पोहता येणं वेगळं आणि बाहेर येता येणं वेगळं.

पाऊसच नसेल तर? तरी पाणी वाढू शकतं. कोलाडला राफ्टिंग केलंय का? कुंडलिका नदीतलं ते राफ्टिंग चालतं वरच्या वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. पाणी सोडलं की नदी भरते, बंद केलं की दगड उघडे पडतात. धरणाच्या खाली नदीपात्रात उतरताना हे डोक्यात ठेवायचं, भोंगा वाजला किंवा पाणी वाढतंय असं नुसतं वाटलं तरी सामान सोडून वर यायचं. बॅग गेली तर गेली.

भुशी आणि प्लस व्हॅलीच्या त्या घटनांनंतर बंदीचे आदेश निघाले, आणि आता बऱ्याच ठिकाणी ते दर पावसाळ्यात निघतात. देवकुंड, खारघरचं पांडवकडा, बदलापूरजवळचं कोंडेश्वर, ही नावं बंदीच्या बातम्यांत कायम असतात. यावर माझं मत जरा वेगळं आहे, जुलैत बंदी एकदम बरोबर, कुणी कितीही शिव्या घातल्या तरी. पण नोव्हेंबरात, जेव्हा जाणं शक्य असतं, तेव्हा तिथं एखादी अडकवलेली दोरी आणि रिंग ठेवली, गावातल्या चार पोरांना बचावाचं ट्रेनिंग देऊन बसवलं, तर किती फरक पडेल. नुसता 'धोका' लिहिलेला गंजका बोर्ड लावून काय होतं, त्याला टेकून लोक फोटो काढतात.

बरं मग पावसाळ्यात घरी बसायचं का? अजिबात नाही. बघायला जायचं. भंडारदऱ्याला जा, प्रवरेवरचा रांधा धबधबा १७० फूट कोसळतो, धरणातून पाणी सुटलं असेल तर त्याच्यासमोर उभं राहून शेजारच्याशी बोलता येत नाही इतका आवाज. साताऱ्याकडं ठोसेघर आणि कासच्या बाजूला भांबवलीचा वजराई, तीन टप्प्यांत उतरतो. दक्षिणेला आंबोली, जिथं रस्त्यालाच धबधबा आहे त्यामुळं आईबाबांना घेऊन जाता येतं, फक्त रविवार सोडून जा नाहीतर धबधब्यापेक्षा माणसंच जास्त.

माझा सगळ्यात लाडका मात्र नाणेघाटातला उलटा धबधबा. सातवाहनांच्या काळातली ही घाटवाट, गुहेत ब्राह्मी शिलालेख, ते सगळं आहेच, पण पावसाळ्यात तिथं खरी मजा कड्यावर असते. पठारावरचं पाणी कड्याच्या टोकाशी येतं, खाली पडायला लागतं, आणि कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून असा वर उसळतो की पाणी परत फिरतं. खाली न जाता वर आभाळात जातं आणि तुमच्याच अंगावर पडतं. रेनकोटचा काही उपयोग होत नाही कारण पाऊस खालून येतो, बाहीतून, पँटच्या पायातून, हनुवटीखालून. पहिल्यांदा गेले तेव्हा मी वेड्यासारखी हसत सुटले होते. वारा पडला की दोन मिनिटं तो साधा धबधबा होतो, मग परत उलटा. हे तासभर बघत बसता येतं, फक्त कड्याच्या टोकापासून लांब, कारण तोच वारा मधेच थांबतो आणि वाऱ्यावर रेलून उभा राहिलेला माणूस पुढं जातो.

आता मुद्द्यावर. ऑक्टोबर संपत आला की घाटातलं सगळं बदलतं. सोनकीचा पिवळा बहर ओसरत आलेला असतो, गवत वाळायला लागलेलं असतं, आणि ओढे शांत, स्वच्छ. अशात प्लस व्हॅलीत उतरायचं (आधी वनखात्याचा प्रवेश चालू आहे का ते विचारून घ्या, कधी बंद करतील सांगता येत नाही). ताम्हिणीच्या रस्त्यावरून वर उभं राहून बघितलं की दऱ्या अधिक चिन्हासारख्या एकमेकींना छेदताना दिसतात, म्हणून हे नाव. वाट अशी काही नाहीच, ओढ्याचं कोरडं-ओलं पात्र हीच वाट. दगडांवरून उड्या, मोठ्या धोंड्यांना बगल देऊन कारवीच्या झुडपांतून घसरत, परत ओढ्यात. गुडघे बोलायला लागतात. कारवी हाताला धरायला बरी पण ओढून बघितल्याशिवाय तिच्यावर वजन टाकू नका, वाळकी काडी कडकन तुटते.

आम्ही वरच्या गावातल्या एका मामांना सोबत घेतो. साठीच्या आसपासचे असतील, पायात प्लास्टिकची चप्पल, आणि आमच्या महागड्या बुटांपेक्षा ती जास्त धरते. मामा बोलतात कमी. एकदा उतरताना मधेच थांबून त्यांनी काठीनं वर दाखवलं. ओढ्याकाठच्या झाडाच्या फांदीत, माझ्या डोक्याच्या बरंच वर, वाळकं गवत, काटक्या, एक फाटकी प्लास्टिकची पिशवी असा सगळा गुंता अडकलेला होता. मला वाटलं पक्ष्याचं घरटं. मामा म्हणाले, "ताई, ते पाणी हाय श्रावणातलं." म्हणजे पुराचं पाणी तिथपर्यंत होतं. आम्ही जिथून चाललो होतो तिथं माझ्यासारख्या दोघी एकीवर एक उभ्या राहिल्या तरी बुडाल्या असत्या. तेव्हापासून कुठल्याही डोहाला गेलं की मी आधी झाडांच्या फांद्या बघते.

पहिलं कुंड लागतं तेव्हा आधी काही दिसत नाही, नुसता गारवा येतो. मग धोंड्यांच्या मागून हिरवं पाणी. सकाळी अकराच्या आत पोचलात तर सगळं सावलीत असतं, ऊन दरीत उतरायला वेळ लागतो, आणि एकदा ते पाण्यावर आलं की तळ उजळतो, खालचे गोटे, त्यांच्यावर बसलेली शेवाळाची बारीक साय, काठावर वाकडा वाकडा पळणारा खेकडा सगळं दिसायला लागतं. कातळात कुठंकुठं पांढऱ्या स्फटिकांचे डोळे चमकतात. लाव्हा थंड होताना जी बुडबुड्यांची भोकं राहिली त्यात नंतर ही खनिजं भरली, उपटून न्यायचा मोह आवरा. पाय पाण्यात सोडून बसलं की दोन मिनिटांत बोटभर मासे येऊन टाचा कुरतडायला लागतात. मॉलमध्ये लोक याचे पैसे देतात.

आणि मग सगळ्यांना एकदम उडी मारायची असते. इथं मामांचा नियम लागतो, "आधी बाहेर कुठनं यायचं त्ये बगा, मंग आत जावा." एवढंच. पण यात सगळं आलं. काठ उतरता आहे का, हात धरायला खाच आहे का, की चारी बाजूनी सरळ गुळगुळीत कातळ. रांजणखळग्यांसारख्या डोहात उतरायला एका सेकंदात उतरता येतं पण भिंतीला शेवाळ असतं, पाण्याची पातळी काठाच्या हातभर खाली असली तरी वर चढता येत नाही, आणि माणूस कडेला लटकून दमून जातो. म्हणून आम्ही आधी दोरी बांधतो, झाडाला किंवा न हलणाऱ्या धोंड्याला, तिला फूट-फूट अंतरावर गाठी मारून ती पाण्यात सोडून ठेवतो. हे केल्याशिवाय कुणीही आत जात नाही, कितीही गरम होत असलं तरी.

मग पाणी कुठून बाहेर जातं ते बघायचं. वाळकं पान टाका पाण्यावर आणि बघत बसा. जागच्या जागी तरंगलं तर ठीक, सरळ तोंडाकडं चाललं आणि तिथून पुढं खाली दुसरा टप्पा असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. गोल फिरायला लागलं तर आणखीनच नाही. मग खोली. पारदर्शक पाणी फसवतं, कमरेएवढं वाटतं आणि डोक्यावरून जातं, त्यामुळं लांब काठी घेऊन चाचपायचं आणि एकानं हळूहळू पोहत जाऊन पायानं तळ बघायचा. दरवर्षी पुरात धोंडे इकडचे तिकडं होतात, मागच्या वर्षी जिथून सूर मारला तिथं यंदा खडक असू शकतो, म्हणून 'मी गेल्या वेळी इथूनच मारली होती' हे वाक्य आमच्यात चालत नाही. डोक्याकडून उडी तर कधीच नाही. खरं सांगू का, मी उड्याच मारत नाही, हळूच सरकत आत जाते. पाणी गार असतं, नोव्हेंबरातसुद्धा श्वास अडकतो असं गार, पहिले काही क्षण धाप लागते, ती कमी होईपर्यंत काठ धरून राहायचं. दमलेल्या, घामाघूम अवस्थेत धाडकन उडी मारणारे इथंच गोत्यात येतात.

पोहता न येणारे पण येतात आमच्यासोबत, त्यांनी का मजा करू नये. लाइफ जॅकेट आणायचं, नीट पट्टे आवळून. ते नसेल तर काठावरच्या उथळ पाण्यात बसायचं. आणि कुणी बुडायला लागलं तर मागोमाग उडी मारायची नाही, हे दहा वेळा सांगते मी, कारण एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरे बुडाले अशा बातम्या आपण दर सीझनला वाचतो. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधून ठेवा. तो फेकता येतो, तरंगतो, धरता येतो. फुकटात होतं. दारूबद्दल काही लिहीत नाही, ज्यांना प्यायचीय त्यांनी माझ्यासोबत येऊ नये, विषय संपला.

कपड्यांचं पण बोलूया, कारण मुली मेसेज करून हेच विचारतात. जीन्स नको, ओली झाली की पायाला शिसं बांधल्यासारखं होतं. ओढणी, साडी, लांब टॉप पाण्यात नको, अडकतात. लेगिंग आणि अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वरून पटकन सुकणारी हाफ पँट. बदलायला मोठा पंचा किंवा गळ्याला इलास्टिक लावलेला लुंगीसारखा झगा शिवून घ्या, त्यात उभ्या उभ्या सगळं होतं, धोंड्यामागं जायची गरज पडत नाही. आणि बूट काढून अनवाणी दगडांवर फिरू नका, शेवाळाच्या कातळावर घोटा मुरगळणं हा तिथला सगळ्यात कॉमन अपघात आहे, आणि मुरगळलेल्या घोट्यानं ती दरी चढून वर येणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

प्लस व्हॅलीतूनच पुढं खाली उतरत गेलं की देवकुंड, पण ते दोर, हार्नेस आणि माहीतगार माणसं असतील तरच, मधे सरळ कडे आहेत. साध्या माणसानं भिऱ्याकडून चालत जावं, धरणाच्या पाण्याच्या कडेनं आणि मग जंगलातून, दोन-तीन तासांची वाट. सांधण दरी वेगळीच चीज, साम्रदजवळची ती चिंचोळी भेग, तिथं वाटेतच पाणी साठलेलं असतं आणि ते ओलांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ऊन तिथं जवळपास पोचतच नाही त्यामुळं डिसेंबरात दात वाजतात. जव्हारकडं काळमांडवी, तीव्र उतार आहे पण डोह सुंदर.

आणि काही डोह पोहायचे नसतातच. महाडच्या पुढं काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचं ठाणं. कोंडात भले मोठे महसीर मासे, देवीचे म्हणून कुणी धरत नाही, लोक कुरमुरे टाकतात आणि पाणी नुसतं उकळल्यासारखं खळबळतं, काळ्या पाठी वर येतात, बोटभर वाटणाऱ्या माशांची सवय असलेल्या माणसाला जरा दचकायलाच होतं. पकडत नाहीत म्हणूनच ते मासे एवढे वाढलेत. मागं एक ग्रुप तिथं विचारत होता की आत उतरलं तर चालेल का. गावातल्या आजींनी फक्त बघितलं त्यांच्याकडं. तेवढ्यावर ते गेले.

साबण-शाम्पू घेऊन डोहात उतरणाऱ्यांबद्दल पण असंच बघायला शिकायचंय मला. दिवाळीनंतर वरून येणारं पाणी कमी झालेलं असतं, जे आत टाकाल ते तिथंच राहतं, आणि त्याच ओढ्याचं पाणी खालच्या वाडीतली गुरं पितात, काही ठिकाणी माणसंही.

जानेवारी संपेपर्यंत चालतं हे सगळं. फेब्रुवारीत धार तुटते, डोह साचतो, हिरवा बुळबुळीत थर धरतो, डास होतात, मग मी पोहणं बंद करते. या वर्षीचं ठरलंय, दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, पहाटे पाचला निघायचं, जास्तीत जास्त आठ जण, मामांना फोन झालाय. ज्यांना यायचंय त्यांनी गाठी मारायला शिकून या, मी दोरी आणते.